दसऱ्याला घालायचे टायर

आमचा निखिल कॅनडात असतो. परवा दिवेलागणीला त्याचा फोन आला, तोंड दिसणारा. तिकडे सकाळ होती. तो गॅरेजात उभा होता आणि मागे चार टायर एकावर एक रचलेले होते, डिस्कसकट. "पप्पा, हे बघा. थंडीचे टायर घेतले. डिस्कपण वेगळ्या घेतल्या, म्हणजे दर वेळी टायर उतरवा-चढवायची कटकट नको. बर्फ पडायच्या आधी ही चाकं घालायची, थंडी सरली की काढून ठेवायची."

मी म्हटलं, अरे, गाडीला चांगले टायर असताना आणखी कशाला? तर म्हणाला, साधे टायर थंडीत दगडासारखे कडक होतात, रस्ता धरत नाहीत. हे मऊ राहतात. "इकडे ज्या ऋतूची चाकं त्या ऋतूत घालायची पप्पा, एवढंच." मग हसत हसत पुढे म्हणाला, "पण तुम्हाला काय सांगायचं म्हणा! टायर जपण्यात तुमचा हात कोण धरणार?"

तो हसला. त्याची आई हसली नाही. मी हसल्यासारखं केलं आणि फोन तिच्या हातात देऊन बाहेर अंगणात आलो. निखिलला अर्धीच गोष्ट माहीत आहे. वडिलांनी एका पावसाळ्यात कोरे टायर माळ्यावर ठेवले होते, हा आमच्या घरातला विनोद आहे आणि पाहुणे आले की तो सांगितला जातो. उरलेली अर्धी गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. सांगायला तोंड नाही, हे खरं कारण.

अंगणात गाडी उभी होती. दसरा नुकताच झालाय. बॉनेटवरची झेंडूची माळ सुकून काळी पडायला लागली आहे. रत्नागिरीत या दिवसांत पावसाने पाठ फिरवली की ऊन असं चटकतं की जांभ्याच्या चिऱ्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. संध्याकाळीसुद्धा चिरे कोमट असतात. कुंपणापलीकडच्या मळ्यात भात कापून पसरलेलं आहे आणि त्याचा वास येतोय. या वासाबरोबर मला तीन वर्षांपूर्वीचा तो पावसाळा आठवतो. पावसाची आठवण यावी ती पाऊस संपल्यावर, असं माझं उफराटं झालं आहे.

आम्ही मूळचे पूर्णगडचे, घर मासेमारीचं. मी शिकलो, रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकुनी केली, निवृत्त झालो. पण घरात पावसाळा कसा पाळायचा हे मी बाबांकडूनच शिकलो. पावसाळा पाळायचाच असतो आमच्याकडे. होडी वर ओढून घ्यायची, तिच्यावर झावळ्यांची झापं चढवून ती घट्ट शाकारायची. चांगली जाळी आढ्याला टांगायची. कातडी वहाणा कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून पेटीत. घरातलं चांगलं ते सगळं आत, आणि पावसात वापरायला फाटकं, विटकं, जुनं. बाबांची एक छत्री होती, काळी, लाकडी मुठीची. ती पावसात कधी उघडलेली मी पाहिली नाही. पावसात ते इरलं घेऊन जात आणि छत्री दिवाळीनंतर लग्नकार्याला काखेत असे. लोक हसत. बाबा म्हणत, "पावसात छत्री कोण पन खराब करील." हे त्यांना पूर्णपणे शहाणपणाचं वाटे, आणि मलाही वाटत असे.

माझी मोठी बहीण, अक्का, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई मासळीची पाटी घेऊन गावोगाव जायची, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते अक्कानेच. एकोणिसाव्या वर्षी तिला देवरूखला दिली. भावोजी तिथल्या शाळेत शिपाई होते आणि घरची थोडी भातशेती होती. माणसं चांगली. फक्त समुद्र नव्हता. देवरूखला डोंगर आहेत, नदी आहे, हिरवं तर इतकं की डोळे निवतात, पण वारा खारट नाही. अक्का सुरुवातीला म्हणायची, "हयली हवा आळणी लागता रे."

माहेरी ती यायची ती शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. पावसात कधीच नाही. शेतीवाल्या घरची सून आषाढात लावणी सोडून माहेरी कशी येणार? कमरेत वाकून चिखलात उभं राहण्यात तिचे चाळीसच्या वर आषाढ गेले. मग भावोजी गेले, मुलगा मुंबईला नोकरीला लागला, शेत अर्धेलीने दिलं, गुडघे दुखायला लागले आणि त्या सगळ्याच्या मागोमाग डोळे.

तीन वर्षांपूर्वी, मेच्या शेवटी, ती डोळे दाखवायला एसटीने रत्नागिरीला आली. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की बाजूची नजर गेली आहे, मधली आहे. गेलेली परत येणार नाही. पण थेंब नेमाने घातले तर आहे ती बरीच टिकेल. त्यातलं 'बरीच टिकेल' एवढंच मी कानात साठवून बाहेर आलो. अक्का बाकावर बसली होती. म्हणाली, "काय म्हनाला ता सांगू नको. मना नळीतून बगल्यागत दिसता, ता मना ठावं हाय."

घरी आल्यावर चहा घेता घेता ती म्हणाली, "बाबू, माजा एक काम कर. या आषाढात मना पूर्णगडला ने. समुद्र बगायचाय."

"त्यात काय, उद्याच जाऊ," मी म्हटलं.

"आताचा नको. आताचा समुद्र सगळेच बगतात. मना आषाढातला हवा."

माझ्या बायकोला, वैशालीला, ते कळलं नाही. ती घाटावरची. तिला वाटलं, आषाढात समुद्रावर काय बघायचं, गढूळ पाणी आणि वारा. पण मला लगेच कळलं, कारण मी त्या समुद्राकडे अक्काच्या कडेवर बसून पाहिलं होतं. मासेमारीवाल्या घरातल्या पोरांना समुद्र नुसता बघायला मिळत नाही. बाकीचे आठ-नऊ महिने समुद्र म्हणजे बाबांची वाट. वारा सुटला की आई दारात, आभाळ भरलं की आई दारात. पाण्याकडे बघायचं ते त्यात आपली होडी दिसते का एवढ्यासाठी. आषाढात मात्र सगळ्या होड्या वर, सगळ्यांचे बाप घरात, चुलीपाशी कुळथाची पिठी आणि भाजलेले सुके बोंबील खात बसलेले. तेव्हा समुद्राने किती का आदळआपट करीना, त्यात आपलं कुणी नसायचं. अक्का मला गोणत्याच्या खोळीत घेऊन गावच्या गडावर जायची, समुद्राकडच्या दरवाजात उभी राहायची आणि तासतासभर बघायची. लाटा खडकावर फुटून पाणी तटापर्यंत उडायचं. ती मोठमोठ्याने हसायची. एरवी अक्का अशी हसत नसे. तिच्या अख्ख्या पोरवयात समुद्राची भीती वाटली नाही ती फक्त त्याच दिवसांत, हे मला फार उशिरा उमगलं.

मी तिला वचन दिलं. "आषाढ लागला की मी गाडी घेऊन देवरूखला येतो. तुला उचलतो आणि थेट पूर्णगड."

"तू कशाला येतंस एवढा? मी येतंय की यष्टीनं."

"छे! या डोळ्यांनी पावसात एसटीने? दारात गाडी आहे ती कशाला मग?"

हे मी मोठ्या तोऱ्यात बोललो. आमच्या सात पिढ्यांतली पहिली चारचाकी माझ्या दारात आली होती, त्याचा तो तोरा. त्या दिवशी अक्काला 'ये एसटीने' म्हणायला हवं होतं. पुढचा सगळा पावसाळा ती एसटीने केव्हाही येऊ शकली असती. मी नको म्हटलं, आणि मोठ्या भावाने सांगितल्यासारखं तिने लहान भावाचं ऐकलं.

आता गाडी पावसात न्यायची म्हणजे तपासून घेतली पाहिजे. मी नाचणे रोडला मजीदभाईंकडे गेलो. मजीदभाई टायरचा धंदा बापापासून करतात, आणि गिऱ्हाइकाला घाबरवण्यात त्यांना आनंद आहे. त्यांनी चारी टायरवरून तळहात फिरवला. "काका, हे टायर नाय, हे गोटे हायत. यांच्यावर पावसात घाटी उतरू नका. ब्रेक मारलात तर गाडी थांबेल, पण तुम्ही म्हणाल तिथे नाय. ती म्हणेल तिथे." मग त्यांनी नव्या टायरच्या खाचांमध्ये बोट घालून दाखवलं. या खाचा पाणी कापायला असतात. खाचा नसल्या की टायर पाण्यावर तरंगतो. होडीवाल्याच्या मुलाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मी पावसाळ्यासाठी म्हणून चार कोरे टायर निवडले. लग्नाच्या साड्या निवडताना वैशालीने लावला नसेल एवढा वेळ लावला. नक्षी बघितली, वास घेतला. कोऱ्या रबराचा वास मला का कोण जाणे आवडतो. आणि मग माझी नजर भिंतीवर टांगलेल्या चंदेरी मॅगव्हीलवर, म्हणजे मिश्रधातूच्या शोभिवंत डिस्कवर गेली, पाच पाकळ्यांच्या. आमच्या गाडीला साध्या लोखंडी डिस्क, त्यांना गंज चढलेला. निखिलला तिथूनच फोटो पाठवला. तो म्हणाला, घ्या पप्पा, हौस करा. घेतली.

मजीदभाईंनी टायर त्या मॅगव्हीलवर चढवले आणि ते लगेच पाना घेऊन गाडीपाशी खाली बसले. मी म्हटलं, "आज नको. आज अमावास्या."

ही पहिली चूक. चारी चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर घालून मी घरी आणली, आणि दोन दिवसांनी पाऊस लागला तो असा की आमच्या गल्लीचा ओढा झाला. त्याच आठवड्यात मी कामासाठी स्कूटरने हातखंब्याला गेलो. रुंदीकरणात महामार्ग खणून टाकलेला, मातीचे ढीग, आणि पाण्याने भरलेले खड्डे किती खोल आहेत ते पडल्याशिवाय कळायचं नाही. तिथे एक गाडी कडेला घेतलेली होती. तिचं मॅगव्हील तडकलं होतं, नवंच दिसत होतं. तो गृहस्थ पावसात उभा राहून त्या तड्याकडे बघत होता. मीही बघितलं, आणि स्कूटर तशीच घराकडे वळवली.

घरी येऊन मी चारी चाकं पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर चढवली. वैशाली शिडी धरून उभी होती. "अहो, पावसासाठी घेतले ना?"

"घेतले पावसासाठीच. पण हा काय पाऊस आहे? हे खड्डे, हा चिखल. चार महिन्यांत वाट लागेल. दसऱ्याला घालू. मुहूर्तही चांगला."

मजीदभाईंचा फोन आला, बसवायला कधी येताय. मी दसरा सांगितला. ते म्हणाले, "काका, छत्रीपण दसऱ्यालाच उघडता काय?"

मी हसलो. बाबांची छत्री मला तेव्हाही आठवली नाही. आपल्या घरातलं शहाणपण दुसऱ्याच्या तोंडून वेडेपणा म्हणून ऐकू आलं तरी ओळखू येत नाही, हा अनुभव मी फुकट घेतलेला नाही.

आषाढ लागला. अक्काचा फोन आला. "येतंस ना?"

"येतो गं. जरा टायरचं काम आहे."

आठ दिवसांनी पुन्हा. "बाबू, समुद्र उधाणलाय म्हनतात. टीव्हीवर दाखवला. दीपानं आवाज मोठा केला, पन चित्र माज्या नळीत मावला नाय." दीपा म्हणजे तिची सून, गुणी पोरगी. मी म्हटलं, "जुने टायर गोटा झालेत अक्का. त्यावर तुला घेऊन घाटी उतरणं बरं नव्हे. काही झालं म्हणजे?"

"मंग नवीन घे."

"घेतलेत."

"मंग घाल की!"

"पावसात घातले तर खराब होतील. दसऱ्याला घालतो."

पलीकडे ती हसली. "ता गाडी हाय का होडी रे?"

तिला बरोब्बर कळलं होतं. माझ्याच घरात वाढलेली ती, माळ्यावरची ती चाकं म्हणजे शाकारलेली होडी आहे हे तिला देवरूखात बसून दिसलं. मला दिसलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझं टायरचं कारणही तेवढं खोटं नव्हतं. गोटा टायरवर तिला पूर्णगडच्या उतारावर नेणं धोक्याचंच होतं. मी जपत होतो. टायर जपत होतो, गाडी जपत होतो, अक्काला जपत होतो. एवढ्या जपण्यात तिने मागितलेली एकच गोष्ट राहून गेली.

वाटा काय कमी होत्या? मजीदभाई म्हणाले होते, मॅगव्हील राहू द्या माळ्यावर, नवे टायर जुन्या डिस्कवर घालून देतो, पावसाळा काढा. साधी गोष्ट होती. पण कोरे टायर गंजक्या डिस्कवर चढवायचे मला जिवावर आलं. वैशाली म्हणाली, भाड्याची गाडी करा. मला वाटलं, दारात गाडी असताना लोक काय म्हणतील. एसटी होती. रिक्षा होती. शेजाऱ्याची जीप मागितली असती तर त्याने आनंदाने दिली असती. आज मी अंगणात उभा राहून या सगळ्या वाटा मोजतो तेव्हा माझाच मला राग येतो. त्या वेळी मी एकच गोष्ट नेमाने केली. दर रविवारी शिडी लावून माळ्यावर चढायचो, उंदरांनी काही कुरतडलं नाही ना ते बघायचो आणि फडक्याने त्या पाकळ्या पुसून खाली यायचो.

श्रावण आला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिले गेले आणि होड्या पाण्यात गेल्या. मी अक्काला फोन करून म्हटलं, "अजून समुद्राला जोर आहे गं." ती म्हणाली, "असंल." आवाजात काही वेगळं होतं का? मी नंतर खूप आठवून पाहिलं. मला तेव्हा काहीच जाणवलं नाही. तिने विचारायचं थांबवलं होतं, आणि मला वाटलं, चला, समजूतदार आहे.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीपाचा फोन आला. "मामा, तुमाला कसं सांगू? आईंना दिसत नाय."

आदल्या दिवशी अक्का मोदक करायला बसली होती. पन्नास वर्षांचा हात, कळ्या नेहमीसारख्याच, एकसारख्या, बारीक. पण मोदक झाला की ती तो चाळणीत ठेवत नव्हती. चाळणीच्या बाजूला, जमिनीवर ठेवत होती. एक, दोन, पाच, सात. दीपा नारळ घेऊन आत आली तेव्हा तिला जमिनीवर मोदकांची ओळ दिसली, आणि अक्का त्या ओळीत पुढचा मोदक ठेवत होती. दीपाने ते सगळे मोदक उचलून बाजूला ठेवले आणि रडायला मागीलदारी गेली.

डॉक्टर म्हणाले, काही डोळे थेंबांना जुमानत नाहीत. तिने थेंब चुकवले नव्हते, वेळेवर घातले होते. दिसायचं कमी झालं ते आषाढाच्या शेवटीच, असं तिने मग सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो. देवा, मी तिच्यावर ओरडलो! ती म्हणाली, "सांगून काय करतलंस? टायर बदलायचे व्हते ना तुजे?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की मला अडचण आहे.

दीपाने पुढे कधीतरी, मी न विचारता, सांगितलं. आषाढभर अक्का दुपारचं जेवण झाल्यावर चांगलं पातळ नेसून पडवीत बसायची. रस्त्यावर हॉर्न वाजला की उठायची. शेजारणींना सांगायची, माजा भाव गाडी घेऊन येनाराय, आमी समुद्र बगायला जानार. माहेरी जायचं होतं असा तो तिचा लग्नानंतरचा पहिला आषाढ होता.

दसऱ्याला टायर घातले. मुहूर्तावर, ठरल्याप्रमाणे. मजीदभाईंनी चारी चाकं बसवली, मी चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला. ऊन पडलेलं होतं आणि चंदेरी पाकळ्या लखलखत होत्या. मजीदभाई नेहमीसारखे काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो, पण वैशालीने त्यांना सगळं सांगितलं असावं. त्यांनी नुसती हवा तपासली आणि म्हणाले, "सांभाळून जावा, काका."

त्याच टायरकडे आता बघतोय. नक्षी अजून कोऱ्यासारखी आहे, कारण मी गाडी फारशी काढतच नाही. पण गेल्या महिन्यात मजीदभाईंनी चाक वळवून बाजूला बारीक बारीक चिरा दाखवल्या. टायरच्या अंगावर तो कुठल्या आठवड्यात बनला त्याचा आकडा असतो, आणि रबर त्या दिवसापासूनच म्हातारं व्हायला लागतं. चाललात काय, ठेवलात काय. "चाललेला टायर झिजतो, उभा टायर सुकतो," ते म्हणाले. मी म्हटलं, हे मला तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं होतं, काका. सांगितलंही असेल.

पुढच्या आषाढात मी अक्काला म्हटलं होतं, चल, आता नेतो, पाऊस असो, खड्डे असोत. ती म्हणाली, "आता कशाला?" त्याच्या पुढच्या आषाढात पुन्हा विचारलं. या वर्षी विचारलं नाही. ती देवरूखला बरी आहे. दर रविवारी फोन करतो, ती पावसाचं, भाताचं, दीपाच्या पोरांचं बोलते. समुद्राचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

एकदा मात्र आम्ही गेलो होतो. दसऱ्याच्या चौथ्या दिवशी, नव्या टायरवर. मीच हट्ट केला. दिलेलं वचन कसंतरी पुरं करून मोकळं व्हायचं होतं मला, दुसरं काय? ती नाही म्हणाली नाही. पावस गाव मागे टाकून आम्ही खाली उतरलो तेव्हा तिने काच खाली करायला सांगितली आणि नाक वर करून बसली. गाडी इतकी सुरेख चालली होती की मला लाज वाटत होती.

गडावर चढताना मी तिचा हात धरला. तिचा हात माझ्या हातात, हे मला नवीन होतं. आजवर माझा हात तिच्या हातात असायचा. एकेक पायरी सांगत सांगत समुद्राकडच्या दरवाजापर्यंत आलो. ऊन तापलं होतं. वारा जवळजवळ नव्हताच. समुद्र ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा निपचित पडला होता आणि लांबवर चार-पाच होड्या होत्या.

"काय दिसता?" अक्काने विचारलं.

काय झालं माझं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "खवळलाय. लाटा येतायत मोठ्या. खडकावर फुटतायत. पाणी वर उडतंय." मी सांगतच राहिलो. लहानपणी तिच्या कडेवरून जे जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं, फेस, गढूळपणा, वाहून आलेली झाडं. तिने मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर हात पुढे करून दरवाजाचा चिरा चाचपला आणि त्याला पाठ टेकून खाली बसली.

"बाबू," ती म्हणाली, "मना दिसत नाय. आयकू येता."

मी मान खाली घातली. खाली पाणी खडकाला नुसतं लागत होतं, कुत्रं ताटली चाटतं तेवढाच आवाज.

"निजलाय ना? मंग निजलाय असा सांग. आता मना तूच सांगनार. तू तरी खरा बग."

मग मी खरं बघायला लागलो. होड्या चार आहेत म्हटलं. एक जवळ आहे, तिच्यात तिघं आहेत. पाणी निळं आहे. "निळा किती परकारचा असता," ती म्हणाली, "कसला निळा?" मला सांगता येईना. साठ वर्षं त्या पाण्याच्या काठाला काढली आणि मला निळ्याच्या पुढे शब्द नव्हता. ती थांबली होती, मान थोडी तिरकी करून, तोंड समुद्राकडे नाही तर माझ्याकडे. मी पुन्हा पाण्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि माझे डोळे भरून आले, मग तर काहीच दिसेना.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चल जाऊ. तुला घाई असंल."

"नाही गं अक्का, मला कसलीच घाई नाही," मी म्हणालो.

"ती कदीच नव्हती तुला," अक्का म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.